ऊसतोड भगिनींचे आरोग्य आणि आपले कर्तव्य

दसरा सरला की बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. पती-पत्नीची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल या जोडीने गळीत हंगामात फेडावयाची असते. एक दिवस काम चुकले की ‘खाडा’ धरून पैसे कापले जातात. मासिक पाळी, गर्भारपण, ज्वर यांपैकी कशालाही त्यात सवलत नाही.

पहाटे अंधारात फडात जावे, दिवसभर वाकून ऊस गोळा करावा, जड मोळ्या डोक्यावरून वाहाव्यात आणि परतल्यावर कोपीत चूल पेटवावी, असा या भगिनींचा दिनक्रम असतो. फडाजवळ ना शौचालय, ना पुरेसे पाणी. अंधार पडेपर्यंत मूत्रवेग रोखून धरावा लागतो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात वेगविधारणावर स्वतंत्र अध्याय का लिहिला, याचे उत्तर येथे मिळते. रजस्वलेस विश्रांती सांगणारे आपले शास्त्र आणि खाडा मोजणारी वही यांतील अंतर आम्हांस अस्वस्थ करते.

२०१९ साली बीड जिल्ह्यात झालेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा जणींमागे सुमारे एक! त्यांत तिशी-चाळिशीतील स्त्रियाही होत्या. श्वेतप्रदर वा कटिशूल घेऊन आलेल्या अनेकींना कर्करोगाची भीती दाखविली गेली. त्यानंतर जिल्ह्यात या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची पूर्वपरवानगी आवश्यक झाली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशयछेदन रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे अमलात आणण्याचे आदेश राज्यांना दिले.

दोष केवळ शस्त्र चालविणाऱ्यांचा नाही. रुग्णा प्रथम गावच्या वैद्याकडे व औषधी दुकानात येते. तेथे तिची पुरती विचारपूस होते काय? ‘एकदाची पिशवी काढून टाक’ हा सल्ला आपल्यापैकीही कोणी दिला असेल, तर आत्मपरीक्षण हवे.

म्हणून आमची काही विनंती आहे. हंगामापूर्वीच या भगिनींची तपासणी करून पांडुरोग, प्रदर व मूत्रविकार यांवर उपचार सुरू करावेत. कोपीत काढा उकळणे शक्य नसते. तेव्हा वटी, चूर्ण असे कल्प निवडावेत, मात्रा व पथ्य सोप्या शब्दांत लिहून द्यावे. विक्रेत्यांनी महिनोन् महिने वेदनाशामक गोळ्या नेणाऱ्या स्त्रीस तपासणीचा आग्रह करावा. अतिरक्तस्राव, रजोनिवृत्तीनंतरचा स्राव वा गाठ आढळल्यास मात्र विलंब न लावता शासकीय रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालाच, तर दुसरे मत घेण्यास सांगावे.

उचल फेडणे आपल्या हाती नाही. परंतु भीतीपोटी होणारी एखादी शस्त्रक्रिया टळावी, एवढे तरी आपल्या हाती निश्चित आहे. येत्या हंगामापूर्वी वैद्यबंधू-भगिनींनी तेवढे करावे.