विरळ प्लाझ्मा, लांबची साथ

मंडळी, मागच्या वेळी एका श्रोत्याने विचारलं होतं: लेसर-प्लाझ्मा त्वरकात इलेक्ट्रॉनची ऊर्जा वाढवायची तर प्लाझ्मा अधिक दाट का करत नाहीत? दाट प्लाझ्मात लाट जोरकस उठते, म्हणजे धक्काही मोठा बसणार. प्रश्न रास्त आहे. आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे, आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. उत्तर मात्र नेमकं उलटं आहे.

ही कल्पना तजिमा आणि डॉसन यांनी १९७९ मध्ये मांडली. लेसरचा अतिशय तोकडा झोत प्लाझ्मात शिरला की हलके इलेक्ट्रॉन बाजूला फेकले जातात, जड आयन जागीच राहतात. फेकलेले इलेक्ट्रॉन परत खेचले जातात आणि बोटीमागे उठावी तशी विद्युतक्षेत्राची लाट लेसरमागे उठते. नेहमीच्या त्वरकातल्या धातूच्या नळीत क्षेत्र फार वाढवलं तर ठिणग्या पडतात. प्लाझ्मातले अणू आधीच फुटलेले, ते आणखी काय फुटणार! म्हणून इथे हजारपट तीव्र क्षेत्रही चालतं.

आता खरी अडचण पाहू. लाट लेसरच्या वेगाने धावते, आणि प्लाझ्मात तो वेग निर्वातातल्या प्रकाशवेगाहून किंचित कमी असतो. इलेक्ट्रॉन मात्र त्या प्रकाशवेगाच्या अगदी जवळ पोचलेला असतो. (खरं तर आता त्याचा वेग जवळपास वाढतच नाही, वाढते ती ऊर्जा, ‘त्वरक’ हे नावच थोडं फसवं आहे.) तो हळूहळू लाटेत पुढे सरकतो, आणि एका मर्यादेपलीकडे गेला की तीच लाट त्याला मागे ओढू लागते.

प्लाझ्मा दहापट विरळ केला तर लाटेचा जोर साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो, पण इलेक्ट्रॉनची तिच्याशी साथ जवळजवळ तीसपट लांबते. हिशेब करा: ऊर्जा दहापट.

अमेरिकेतल्या बर्कलीच्या प्रयोगशाळेत हेच दिसलं. २००६ मध्ये ३.३ सेंटिमीटरमध्ये १ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट, २०१४ मध्ये ९ सेंटिमीटरमध्ये ४.२ अब्ज, २०१९ मध्ये २० सेंटिमीटरमध्ये ७.८ अब्ज. दर वेळी नळी लांब, प्लाझ्मा विरळ. मात्र विरळ प्लाझ्मात लाट उठवायला लेसरही तगडा लागतो: २००६ मध्ये ४० टेरावॅट पुरले, २०१९ मध्ये ८५० लागले. शिवाय लेसर वाटेत पसरू नये म्हणून नळीच्या मध्यावर प्लाझ्मा विरळ आणि कडेला दाट ठेवतात. प्रकाश त्या वाटेतच कोंडून राहतो.

वर्तमानपत्रं याला ‘टेबलावरचा त्वरक’ म्हणतात. नळी टेबलावर मावते, लेसरला मात्र अख्खा हॉल लागतो.

पुढे जायचं तर लेसरची स्वतःची ऊर्जा संपते, ही दुसरी भिंत आहे. मग नवा लेसर आणि नवी नळी, म्हणजे टप्पे. २०१६ मध्ये बर्कलीतच दोन टप्पे जोडले गेले. दुसऱ्या टप्प्यात भर पडली ती सुमारे १० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टची. आकडा लहान दिसतो. पण केसाहून बारीक लाटेत, नेमक्या क्षणी, बाहेरून आलेला इलेक्ट्रॉन बसवायचा होता, आणि तो बसला.