बौद्धिक संपदा

बौद्धिक संपदा म्हणजे मानवी बुद्धी व सर्जनशीलता यांतून निर्माण झालेली आणि कायद्याने मालमत्ता म्हणून मान्य केलेली अमूर्त संपत्ती होय. शोध, साहित्यकृती, संगीत, चित्रे, संगणक प्रणाली, वस्तूंची रचना, व्यापारचिन्हे इत्यादींचा तिच्यात समावेश होतो. या निर्मितीच्या वापरावर निर्मात्यास मिळणाऱ्या अधिकारांना बौद्धिक संपदा हक्क असे म्हणतात.

स्वरूप

जमीन, घर किंवा दागिना एका वेळी एकाच्याच ताब्यात राहू शकतो. ज्ञानाचे तसे नाही. एखादे गीत हजारो लोकांनी गायले तरी ते संपत नाही आणि मूळ रचनाकाराकडूनही जात नाही. त्यामुळे त्याची नक्कल सोपी असते व निर्मितीसाठी केलेले श्रम आणि खर्च भरून निघणे अवघड होते. ही अडचण दूर करण्यासाठी कायदा निर्मात्यास इतरांना मनाई करण्याचा हक्क देतो. पुस्तक विकत घेणारा त्या प्रतीचा मालक होतो. ती वाचू, भेट देऊ किंवा पुन्हा विकू शकतो. मात्र तिच्या प्रती छापून विकण्याचा हक्क त्याला मिळत नाही, कारण प्रतीची मालकी आणि कृतीचा प्रताधिकार या दोन भिन्न गोष्टी आहेत.

प्रताधिकार कल्पनेला नव्हे, तर तिच्या अभिव्यक्तीला मिळतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले. नाटक व चित्रपट यांचा विषय एकच असला, तरी मांडणी वेगळी असल्याने प्रताधिकाराचा भंग होत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला.

प्रमुख प्रकार

एकस्व म्हणजेच पेटंट हे नवीन, सहज न सुचणाऱ्या व उद्योगात उपयोगी पडणाऱ्या शोधास मिळते. भारतात त्याची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते. त्या बदल्यात संशोधकाला शोधाची संपूर्ण माहिती जाहीर करावी लागते.

प्रताधिकार साहित्य, कला, संगीत, चित्रपट इत्यादींना लागू होतो. लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतरच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे तो टिकतो. साने गुरुजी यांचे निधन १९५० साली झाले. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेले साहित्य १ जानेवारी २०११ पासून प्रताधिकारमुक्त झाले.

व्यापारचिन्हामुळे ग्राहकाला मालाचा उत्पादक ओळखता येतो. त्याची नोंदणी १० वर्षांसाठी असते व तिचे वारंवार नूतनीकरण करता येते.

भौगोलिक मानांकन एका व्यक्तीचे नसून विशिष्ट प्रदेशातील उत्पादकांचे सामूहिक हित जपते. पैठणी, सोलापुरी चादर, कोल्हापुरी चप्पल यांना ते मिळालेले आहे.

आंतरराष्ट्रीय करार

औद्योगिक संपदेसाठी १८८३ चा पॅरिस करार आणि साहित्य व कलाकृतींसाठी १८८६ चा बर्न करार हे प्रारंभीचे प्रमुख करार होत. जागतिक व्यापार संघटनेचा ट्रिप्स करार १ जानेवारी १९९५ रोजी अमलात आला व त्याने सदस्य देशांसाठी किमान संरक्षण ठरवून दिले.

पारंपरिक ज्ञान

जखम बरी करण्यासाठी हळदीच्या वापरावर अमेरिकेत १९९५ साली एकस्व देण्यात आले. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, त्यास आव्हान दिले. हा उपयोग भारतात पूर्वापार ज्ञात असल्याचे पुरावे प्राचीन ग्रंथ व छापील लेखांच्या आधारे सादर करण्यात आले आणि १९९७ साली ते एकस्व रद्द झाले. घराघरांत हळद वापरली जाते, एवढे सांगणे पुरेसे नव्हते. लिखित पुरावा आवश्यक होता. या अनुभवातून पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाची गरज पुढे आली. परदेशी एकस्व कार्यालयांतील परीक्षकांना तेथील नोंदी तपासता येतात.

मर्यादा व सार्वजनिक हित

हे हक्क निरंकुश नसतात. १९७० च्या भारतीय एकस्व कायद्याने औषधाच्या केवळ निर्मितिप्रक्रियेस एकस्व दिले होते. २००५ पासून औषधालाही ते मिळू लागले. मात्र कलम ३(घ) नुसार ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाची परिणामकारकता वाढल्याचे सिद्ध करावे लागते. या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी ग्लिवेक या कर्करोगावरील औषधासंबंधीचे नोव्हार्टिस कंपनीचे अपील फेटाळले. त्यापूर्वी २०१२ मध्ये नेक्साव्हार या औषधासाठी भारतातील पहिला सक्तीचा परवाना देण्यात आला. मूळ औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. परवानाधारकाने ते ८,८८० रुपयांपेक्षा अधिक दराने विकू नये, अशी अट होती.

मुदत संपल्यावर शोध व कृती सर्वांना खुल्या होतात. निर्मात्याला मर्यादित काळ मोबदला आणि समाजाला कायमचे ज्ञान, हा या कायद्यांमागील समतोल आहे. संरक्षण अपुरे असल्यास निर्माता वंचित राहतो, तर अवाजवी असल्यास रुग्ण, विद्यार्थी व पुढील संशोधक यांचा मार्ग अडतो.