वजन उतरलं, पण हार्ट अटॅकचं काय?

सिनॉप्सिस लिहायला बसलात की पहिला प्रश्न येतो: मी नेमकं मोजणार काय? मला हा प्रश्न नीट कळला तो 'लुक अहेड' या अमेरिकन ट्रायलचा २०१३ चा पेपर वाचताना. लठ्ठपणावर काम करायचं असेल तर तुम्हीही तो वाचाच.

२००१ मध्ये ही ट्रायल सुरू झाली. टाइप २ मधुमेह आणि जास्त वजन असलेल्या ५,१४५ लोकांचे रँडम पद्धतीने दोन गट केले. एका गटाला कमी कॅलरीचा आहार, आठवड्याला १७५ मिनिटं व्यायाम आणि सतत पाठपुरावा. दुसऱ्या गटाला फक्त मधुमेहाबद्दलची माहिती आणि मार्गदर्शन. वर्षभरात पहिल्या गटाचं वजन सरासरी ८.६ टक्के उतरलं, दुसऱ्याचं ०.७ टक्के. साखर आणि रक्तदाबही सुधारले.

इथेच थांबले असते तर 'यशस्वी' म्हणून टाळ्या मिळाल्या असत्या. पण त्यांचा प्रायमरी आउटकम वजन नव्हताच. हृदयविकार वा स्ट्रोकने मृत्यू, हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा अंजायनासाठी ऍडमिट होणं, हे ते मोजत होते. २०१२ मध्ये, साधारण साडेनऊ वर्षांच्या फॉलोअपनंतर, ट्रायल थांबवली. पहिल्या गटात अशा ४०३ जणांची नोंद होती, दुसऱ्यात ४१८. म्हणण्यासारखा फरक नाही!

मग वजन कमी करून उपयोग नाही का? घाई करू नका. हॅझर्ड रेशो होता ०.९५ आणि त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.८३ ते १.०९. म्हणजे धोका १७ टक्के घटण्यापासून ९ टक्के वाढण्यापर्यंत काहीही या आकड्यांत बसतं. 'फरक सिद्ध झाला नाही' आणि 'फरक नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. शिवाय शेवटी दोन गटांच्या वजनातलं अंतर बरंच कमी झालं होतं (६ टक्के आणि ३.५ टक्के), आणि दुसऱ्या गटात स्टॅटिनचा वापर जास्त होता. झोपेतला श्वास अडखळणं, चालणं-फिरणं यांत मात्र पहिल्या गटाला फायदा दिसला.

आता स्वतःच्या सिनॉप्सिसकडे वळा. तीन महिने, साठ पेशंट आणि वजनकाटा एवढंच हाताशी असेल, तर निष्कर्षही वजनाबद्दलच लिहा. 'यामुळे हृदयविकार टळेल' हे वाक्य मोहात पाडतं, पण ते तुमच्या डेटाने कमावलेलं नसतं. व्हायवात पहिला प्रश्न नेमका त्याच वाक्यावर येतो. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, उद्या कुणी डॉक्टर तुमचा पेपर वाचून समोरच्या पेशंटला सल्ला देणार असतो.

म्हणून डेटा गोळा करण्याआधी एका ओळीत लिहून ठेवा: माझा प्रायमरी आउटकम कोणता, आणि पेशंटच्या आयुष्यात त्याने काय बदलतं? ती ओळ जमली नाही, तर गाईडकडे जाण्याआधी अजून एक दिवस थांबा.