लेकीला लस, आईला काय?

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा विषय निघाला की हल्ली चर्चा थेट लशीवर जाते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक २०२३ मध्ये बाजारात आली. ९ ते १४ वर्षांच्या मुलींना ती जरूर द्यावी. पण एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग झाल्यापासून कॅन्सर होईपर्यंत बहुधा पंधरा-वीस वर्षं जातात. आजच्या लशीचं फळ दिसायला एक पिढी जाईल. आज चाळिशीत असलेली, शाहूवाडीत भाताची रोपं लावणारी किंवा शिरोळला उसात भांगलण करणारी बाई त्या लशीच्या भरवशावर राहू शकत नाही. तिला हवी आहे तपासणी, आणि कोणती तपासणी जीव वाचवते याचा भक्कम पुरावा आपल्याच राज्यातल्या खेड्यांनी दिला आहे.

मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. त्यांचे चार गट होते. एकात एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पेशी तपासणारी पॅप चाचणी, तिसऱ्यात सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, चौथ्यात फक्त नेहमीची आरोग्यसेवा. आठ वर्षांनी हिशेब झाला. एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या सुमारे ३४ हजार बायकांत या कॅन्सरचे ३४ मृत्यू होते. तपासणी न झालेल्या सुमारे ३१ हजारांत ६४. पॅप आणि पाहणीच्या गटांत मृत्यूंमध्ये खात्रीलायक घट दिसली नाही. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवल्याबद्दल पुढे कडक टीका झाली, आणि माझ्या मते ती रास्त होती. त्या बायकांच्या मृत्यूंतून जे कळलं ते कागदावरच ठेवणं हा त्यांच्यावर दुसरा अन्याय ठरेल.

सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर दर पाच वर्षांनी हीच आम्लाची पाहणी सुचवलेली आहे. ती निरुपयोगी नाही. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनी ती केली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण ती पुन्हा पुन्हा करावी लागते आणि बघणारीच्या नजरेवर अवलंबून असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या ३० ते ४९ वयाच्या जेमतेम १.९ टक्के बायकांची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी कधीतरी झाली होती. बाई आयुष्यात एकदा-दोनदाच आपल्या हाती लागणार असेल, तर तेव्हा सर्वांत भरवशाची चाचणी केली पाहिजे. एचपीव्ही चाचणी महाग पडते हा आक्षेप खरा आहे. पण जागतिक आरोग्य संघटना ती किमान ३५ आणि ४५ व्या वर्षी, दोनदा करायला सांगते. नमुना बाईला आडोशाला स्वतः घेता येतो, त्यामुळे लाजेचा मोठा अडसर हलतो. क्षयाच्या निदानासाठी वापरली जाणारी गोव्याच्या कंपनीची ट्रूनॅट यंत्रणा एचपीव्हीसाठीही चालते.

दुसरा अडसर घरातला. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, मग अहवाल पॉझिटिव्ह आला की बाईच्या चारित्र्यावर बोट. इथे शास्त्र अगदी स्पष्ट आहे: शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी होतो, बहुतेकांच्या शरीरातून दोनेक वर्षांत जातो, काहींत वर्षानुवर्षं मुकाट राहतो. कुणाकडून, केव्हा आला, हे अहवाल सांगूच शकत नाही. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सरही नव्हे. पुढची तपासणी करून, बिघडलेल्या पेशी दिसल्या तर त्या उष्णतेने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने काढता येतात, बहुतेक वेळा गर्भाशयाची पिशवी काढावी लागत नाही. आशाताईंनी आणि नर्सबाईंनी हे सगळं नमुना घेण्याआधी, बाईला एकटीला बसवून सांगायला हवं. आणि चंदगड किंवा गगनबावड्याची बाई पॉझिटिव्ह आली, तर कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात तिला कुठल्या दिवशी, कुणाकडे जायचं याची चिठ्ठी अहवालाबरोबरच हातात पडायला हवी. बसभाड्याची आणि बुडालेल्या रोजगाराची सोयही त्याच वेळी व्हायला हवी.