ब्लूटूथ पार्सल-मागोवा
ब्लूटूथ पार्सल-मागोवा : पार्सल, खोके, पिंप, पिशवी यांसारख्या वस्तूवर बसविलेला लहान रेडिओ प्रेषक ठराविक कालांतराने जे संदेश पाठवितो, ते इमारतीतील बिनतारी प्रवेशबिंदूंनी (ॲक्सेस पॉइंटांनी) ग्रहण करून त्यांवरून त्या वस्तूचे स्थान व हालचाल ठरविण्याच्या पद्धतीस ही संज्ञा लावतात. गोदामे, टपाल व मालवाहतुकीची वर्गीकरण केंद्रे, रुग्णालयांची औषधभांडारे व विमानतळांवरील मालकक्ष येथे तिचा उपयोग होतो. पट्टसंकेत (बारकोड) वाचण्यासाठी प्रत्येक वस्तू वाचकयंत्रासमोर धरावी लागते. उपग्रहांवर आधारलेली स्थाननिश्चिती पत्र्याच्या छपराखाली भरवशाची राहत नाही. ब्लूटूथ पद्धतीत वस्तू हाताळावी लागत नाही आणि संगणकजालासाठी आधीच बसविलेले प्रवेशबिंदूच ग्राहक म्हणून वापरता येतात, हा तिचा मुख्य फायदा होय. मात्र प्रवेशबिंदूंची जुळणी योग्य रीतीने केली नसल्यास जागेवर असलेले पार्सल हरवल्याचे वा हरवलेले पार्सल जागेवर असल्याचे नोंदले जाते.

इतिहास : एरिक्सन या स्वीडिश कंपनीने १९९४ मध्ये अल्प पल्ल्याच्या रेडिओ जोडणीवर काम सुरू केले. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल व तोशिबा या कंपन्यांनी मिळून ब्लूटूथचे मानक ठरविणारा गट स्थापिला. दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हाराल्ड ब्लोटान याच्या उपनामावरून हे नाव देण्यात आले. आरंभीच्या पद्धतीत शक्तीचा व्यय जास्त असल्याने नाण्याएवढ्या विद्युत् घटावर दीर्घकाळ चालणारा प्रेषक तयार करणे अवघड होते. नोकियाने २००६ मध्ये पुढे आणलेले अल्पशक्ती तंत्र २०१० मध्ये ब्लूटूथच्या ४·० या आवृत्तीत समाविष्ट झाले आणि ही अडचण दूर झाली. ॲपल कंपनीची ‘आयबीकन’ ही संदेशरचना २०१३ मध्ये व गूगलची ‘एडीस्टोन’ ही रचना २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१६ मधील ५·० आवृत्तीने पल्ला वाढविण्याची, तर २०१९ मधील ५·१ आवृत्तीने तरंगाची दिशा मोजण्याची सोय केली. भारतात २४०० ते २४८३·५ मेगॅहर्ट्झ या पट्ट्यातील अल्पशक्ती साधनांना परवान्यातून सूट देणारे नियम २००५ मध्ये करण्यात आले.

तत्त्व व घटक : या पद्धतीचे तीन घटक असतात : (१) पार्सलावरील प्रेषक (टॅग), (२) संदेश ग्रहण करणारे प्रवेशबिंदू आणि (३) नोंदींचे संस्करण करणारा मध्यवर्ती संगणक. प्रेषक कोणाशीही जोडणी न करता आपला ओळखअंक घोषणेच्या स्वरूपात प्रसृत करतो. अशा दोन घोषणांमधील अंतर २० मिलिसेकंद ते १०·२४ सेकंद यांदरम्यान ठेवता येते. दोन प्रेषकांच्या घोषणा सतत एकाच वेळी होऊ नयेत म्हणून प्रत्येक वेळी या अंतरात ० ते १० मिलिसेकंदांची यादृच्छिक भर घातली जाते. नेहमीच्या घोषणेत जास्तीत जास्त ३१ बाइट माहिती मावते. आयबीकन रचनेत १६ बाइटांचा समाईक ओळखअंक, प्रत्येकी २ बाइटांचे दोन उपअंक आणि १ मी. अंतरावरील संदेशबलाचे मूल्य असते. दोन्ही उपअंकांच्या मिळून सु. ४२९ कोटी जोड्या होतात. त्यामुळे एका संस्थेला एकच समाईक ओळखअंक पुरतो.

कंप्रता-मार्ग व व्यतिकरण : अल्पशक्ती ब्लूटूथमध्ये २ मेगॅहर्ट्झ रुंदीचे ४० मार्ग (चॅनेल) असून त्यांपैकी ३७, ३८ व ३९ क्रमांकांचे तीन मार्ग घोषणांसाठी प्रामुख्याने वापरतात. त्यांच्या कंप्रता अनुक्रमे २४०२, २४२६ व २४८० मेगॅहर्ट्झ आहेत. त्याच पट्ट्यातील वाय-फायचे १, ६ व ११ हे मार्ग २४१२, २४३७ व २४६२ मेगॅहर्ट्झवर मध्य साधतात. त्यांची रुंदी २० मेगॅहर्ट्झ ठेवली, तर ब्लूटूथचे घोषणामार्ग त्यांच्या कडेला वा मधल्या फटींत पडतात. हे मार्ग याच हेतूने विखुरलेले आहेत. वाय-फायसाठी ४० मेगॅहर्ट्झ रुंदी निवडल्यास मात्र २४०२ ते २४४२ मेगॅहर्ट्झचा भाग व्यापला जाऊन तीनांपैकी दोन घोषणामार्ग झाकले जातात. मार्ग १३ वापरल्यास २४८० मेगॅहर्ट्झचा तिसरा मार्ग बाधित होतो. म्हणून मागोवा घ्यावयाच्या इमारतीत २·४ गिगॅहर्ट्झच्या पट्ट्यात केवळ १, ६ व ११ हे मार्ग २० मेगॅहर्ट्झ रुंदीने वापरणे आणि माहितीची मोठी वाहतूक ५ गिगॅहर्ट्झच्या पट्ट्यात वळविणे, ही जुळणीची पहिली पायरी होय.

प्रवेशबिंदूंची मांडणी : वस्तू कोणत्या कक्षात आहे एवढेच कळावयाचे असल्यास प्रत्येक कक्षास एक ग्राहक पुरतो. सपाटीवरील स्थान काढावयाचे असल्यास प्रत्येक ठिकाणी किमान तीन ग्राहकांना संदेश ऐकू आला पाहिजे. दारातून माल आत आला की बाहेर गेला हे ठरविण्यासाठी दाराच्या आत एक व बाहेर एक असे दोन ग्राहक ठेवून त्यांच्या नोंदींचा क्रम पाहतात. लोखंडी मांडण्या व पत्र्याची छपरे यांवरून तरंग परावर्तित होतात. पाणी व द्रवाने भरलेली पिंपे तरंग शोषून घेतात. भिवंडीसारख्या गोदामांच्या केंद्रात रिकाम्या गोदामात घेतलेली मापे माल भरल्यावर लागू पडत नाहीत आणि पावसाळ्यात भिजलेल्या खोक्यांमुळे ती आणखी बदलतात. यास्तव चाचणी भरलेल्या गोदामात घेणे इष्ट असते. ग्राहक लोखंडी तुळईला चिकटवून बसवू नये. प्रेषकही धातूच्या पृष्ठावर थेट न लावता मधे पुठ्ठ्याचा वा फेसाळ प्लॅस्टिकचा थर ठेवावा.

प्रवेशबिंदूची जुळणी : अनेक आधुनिक प्रवेशबिंदूंत वाय-फायबरोबर ब्लूटूथचा स्वतंत्र ग्राहक अंतर्भूत असतो. तो नसल्यास काही नमुन्यांत बाहेरून जोडता येतो. जुळणी पुढील क्रमाने करतात. प्रथम जालाच्या तारेतून मिळणारी शक्ती तपासतात. २००३ च्या मानकानुसार उपकरणास सु. १३ वॉट, तर २००९ च्या मानकानुसार २५·५ वॉट मिळतात. शक्ती कमी पडल्यास काही प्रवेशबिंदू सूचना न देता दुय्यम भाग बंद ठेवतात व त्यांत ब्लूटूथ असू शकते. नंतर सर्व प्रवेशबिंदूंची घड्याळे एकाच कालदर्शक संगणकाशी जुळवितात. अन्यथा दाराच्या आतील व बाहेरील नोंदींचा क्रम उलटा लागतो. त्यानंतर ब्लूटूथ-श्रवण सुरू करून संस्थेच्या समाईक ओळखअंकाची गाळणी लावतात. शेवटी नोंदी कोणत्या संगणकाकडे व किती वेळाने पाठवावयाच्या ते ठरवितात. यासाठी एमक्यूटीटी हा १९९९ मध्ये तयार झालेला संदेशसंकेत पुष्कळदा वापरतात. तो सांकेतिक स्वरूपात ८८८३ या द्वारक्रमांकावरून पाठविण्याची प्रथा आहे. नोंदींची ही वाहतूक कार्यालयीन जालापासून वेगळ्या आभासी जालात ठेवतात.

श्रवणकाल व घोषणांतर : ग्राहक सर्वकाळ ऐकत नाही. श्रवणांतर १०० मिलिसेकंद व त्यातील श्रवणकाल ३० मिलिसेकंद असल्यास एखादी घोषणा पकडली जाण्याची संभाव्यता सु. ३० टक्के असते. मांडणीवर स्वस्थ पडलेल्या पार्सलास याने बाधा येत नाही. दर सेकंदास एक याप्रमाणे १० घोषणांनंतर ते न आढळण्याची संभाव्यता ३ टक्क्यांहून कमी होते. परंतु १·५ मी. प्रतिसेकंद वेगाच्या वाहक पट्ट्यावरील पार्सल दाराजवळचा ६ मी. लांबीचा टापू ४ सेकंदांत ओलांडते. त्या अवधीत चारच घोषणा होतात आणि ते मुळीच न आढळण्याची संभाव्यता सु. २४ टक्के राहते, म्हणजे चारांतील जवळजवळ एक पार्सल नोंद न होता निघून जाते. घोषणांतर २०० मिलिसेकंद केल्यास त्याच वेळात २० घोषणा होतात व हे प्रमाण हजारात एकाच्याही खाली येते. दारावरील ग्राहकाचा श्रवणकाल वाढविणे हा दुसरा उपाय होय. मात्र वाय-फाय व ब्लूटूथ यांना एकच रेडिओ असल्यास त्यामुळे वाय-फायचा वेळ कमी होतो.

घोषणा वारंवार करण्यासही मर्यादा आहे. सर्वांत लांब नेहमीची घोषणा प्रत्येक मार्गावर ०·३७६ मिलिसेकंद चालते. एका कक्षात ५०० प्रेषक दर सेकंदास घोषणा करीत असतील, तर मार्गाचा सु. १९ टक्के काळ व्यापला जातो आणि साध्या गणिताने सु. ६९ टक्के संदेशच टक्कर न होता पोहोचतात. घोषणांतर ५ सेकंद केल्यास हे प्रमाण सु. ९३ टक्के होते. म्हणून स्थिर असताना मंद व हालचाल होताच जलद घोषणा करणारे, गतिसंवेदक असलेले प्रेषक अधिक सोयीचे ठरतात.

अंतराचा अंदाज : ग्रहण केलेल्या संदेशाचे बल १ मिलिवॉट या संदर्भपातळीच्या तुलनेने डेसिबेलमध्ये (डीबीएम) सांगतात. मोकळ्या जागेत अंतर दहापट झाल्यास ते २० डेसिबेलांनी घटते. अडथळ्यांच्या जागी ही घट ३० डेसिबेल वा अधिक असते. १ मी. अंतरावर -५९ डीबीएम बल देणाऱ्या प्रेषकाचे बल -७९ डीबीएम आढळले, तर मोकळ्या जागेच्या हिशेबाने अंतर १० मी. येते, पण ३० डेसिबेलांच्या हिशेबाने ते केवळ सु. ४·६ मी. येते. एकाच मापावरून काढलेले अंतर याप्रमाणे निम्म्याहून अधिक चुकू शकते. त्यामुळे अनेक मापांचा मध्यक घेतात आणि नवा कक्ष काही काळ सातत्याने अधिक बलवान ठरल्यावरच स्थानबदल नोंदवितात. असे न केल्यास दोन कक्षांच्या सीमेवरील पार्सल दिवसभर इकडून तिकडे जात असल्याचे दिसते. दिशामापनाच्या पद्धतीत आकाशकांची रांग वापरून अधिक अचूकपणा मिळवितात, पण त्यासाठी प्रेषक व ग्राहक दोन्ही तशा क्षमतेचे असावे लागतात.

विद्युत् घट : सीआर २०३२ या नाण्याच्या आकाराच्या घटाची क्षमता सु. २२० मिलिअँपिअर-तास असते. सरासरी प्रवाह १० मायक्रोअँपिअर असल्यास तो सैद्धांतिक दृष्ट्या २२,००० तास म्हणजे सु. अडीच वर्षे पुरतो. प्रवाह ३० मायक्रोअँपिअर झाल्यास सु. दहा महिने पुरतो. थंड जागी घटाची उपयुक्त क्षमता कमी होते. एडीस्टोन रचनेतील एका संदेशप्रकारात घटाचा दाब व तापमान ही दोन्ही मूल्ये असतात. २° ते ८° से. या तापमानात ठेवावयाच्या लसींच्या पेट्यांबाबत त्यांचा दुहेरी उपयोग होतो. पेटी उन्हातील धक्क्यावर किती वेळ राहिली हे कळते आणि घट संपत आल्याची सूचनाही वेळीच मिळते.

सुरक्षितता व खाजगीपणा : आयबीकनचा ओळखअंक उघडपणे प्रसृत होत असल्याने कोणालाही त्याची नक्कल करता येते. मौल्यवान मालासाठी म्हणून बदलत्या सांकेतिक ओळखअंकाचे प्रेषक वापरतात. दुसरा प्रश्न माणसांचा आहे. गाळणी न लावता श्रवण केल्यास कामगारांचे भ्रमणध्वनी, मनगटी घड्याळे व श्रवणयंत्रेही नोंदली जातात. पार्सलांसाठी उभारलेली यंत्रणा अशा रीतीने नकळत माणसांवर पाळत ठेवू लागते. गाळणी मध्यवर्ती संगणकावर न लावता प्रवेशबिंदूवरच लावल्यास ही माहिती मुळात गोळाच होत नाही. पार्सल ग्राहकाच्या घरी पोहोचल्यावर प्रेषक काढून घेणे वा निष्क्रिय करणेही आवश्यक असते. भारतात व्यक्तिगत अंकीय माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला.

मर्यादा : या पद्धतीत पार्सल नव्हे, तर प्रेषक आढळतो. प्रेषक गळून पडला, घट संपला किंवा खोके द्रवाच्या पिंपांमागे गेले, तरी संगणकावर ‘अनुपस्थित’ अशी एकच नोंद दिसते. अशा नोंदीवरून चोरीचा वा हलगर्जीचा दोष त्या पाळीतील हमालावर वा भांडारपालावर ठेवणे तांत्रिक दृष्ट्या असमर्थनीय आहे. नोंदीबरोबर शेवटचे संदेशबल, घटाचा दाब व शेजारच्या प्रेषकांची स्थिती तपासल्यास कारण बहुधा उलगडते. शेजारचे सर्व प्रेषक एकदम नाहीसे झाले असतील, तर दोष प्रवेशबिंदूचा असतो. एकच नाहीसा झाला असून त्याचा दाब उतरत आलेला असेल, तर घटाचा असतो. शेवटचे बल बाहेरील ग्राहकावर वाढत जाऊन थांबले असेल, तरच माल दाराबाहेर गेल्याचे अनुमान सबळ ठरते. महत्त्वाच्या हस्तांतराच्या जागी पट्टसंकेताचे वाचन व हस्ताक्षर ही जुनी पद्धत चालू ठेवून ब्लूटूथ नोंदींचा उपयोग पूरक पुरावा म्हणून करणे सर्वांत विश्वसनीय ठरते.