डोळ्यांना उशीर सोसत नाही

शरीराच्या पुष्कळशा तक्रारी एक-दोन दिवस वाट पाहिली तरी चालून जातात. डोळ्यांचे तसे नाही. त्यांच्यावरील काही संकटे घटकाभरात दृष्टी हिरावून घेतात, तर काही इतक्या मुकाट्याने येतात की, वर्षे लोटली तरी घरात कोणाच्या ध्यानी येत नाहीत. दोहोंतही मोठी हानी होते ती उशिरामुळे.

पहिल्या प्रकारचे उदाहरण पानाच्या डब्यातच सापडते. चुन्याची पुडी मुलांच्या हाती लागते, दाबताच फुटते आणि चुना डोळ्यांत उडतो. चुना हा दाहक अल्क होय. तो वरच्या वर न थांबता डोळ्याच्या पारदर्शक पटलात आत आत शिरत जातो. अशा वेळी डॉक्टरांकडे धावण्यापूर्वी, त्याच क्षणी, डोळा स्वच्छ पाण्याने धुऊ लागावे. पापण्या बोटांनी उघड्या धराव्यात, डोके त्या डोळ्याच्या बाजूस कलते करावे व पाण्याची संथ धार नाकाकडून कानाकडे सोडावी, म्हणजे दुसऱ्या डोळ्यास बाधा होणार नाही. निदान २० मिनिटे धुवावे. पापणीखालचे चुन्याचे कण ओल्या, स्वच्छ कापडाच्या टोकाने हलकेच टिपावेत. लिंबाचा रस घालून चुना मारण्याचा विचार मनातही आणू नये. नंतर दुखणे थांबले असले तरी रुग्णालय गाठावेच.

विटी, धनुष्याचा बाण किंवा फटाक्याचा तुकडा लागून डोळा फुटला असेल, तर मात्र नियम अगदी उलट आहे. तेथे पाणी घालू नये, डोळा चोळू अथवा दाबू नये, रुतलेली वस्तू ओढून काढू नये. डोळ्याला स्पर्श होणार नाही अशा बेताने, भोवतालच्या हाडावर टेकेल असा कागदी पेला धरून तत्काळ नेत्रतज्ज्ञाकडे जावे. मध, तूप किंवा गुलाबपाणी यांचा प्रयोग जखमी डोळ्यावर मुळीच करू नये.

आता मुकाट्याने येणाऱ्या विकाराकडे वळू. डोळा केवळ प्रतिमा घेतो. तिचा अर्थ लावतो तो मेंदू, आणि ही विद्या मेंदू बालपणीच शिकतो. एक डोळा तिरळा असला, अथवा त्याचा चष्म्याचा नंबर दुसऱ्याहून फार वेगळा असला, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणाऱ्या प्रतिमेची उपेक्षा करू लागतो. डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टेन वीझेल या शास्त्रज्ञांनी १९६३ साली मांजरीच्या पिल्लांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, आरंभीच्या महिन्यांत बंद ठेवलेला डोळा पुढे उघडला, तरी मेंदू त्याच्या संदेशाला फारसा प्रतिसाद देत नाही. मेंदूतील दृष्टिव्यापाराच्या अशा संशोधनाबद्दल त्यांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

या मंददृष्टीवर उपाय आहे. योग्य चष्मा द्यावयाचा आणि गरजेनुसार रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून आळशी डोळ्याला कामास लावावयाचे. साधारणतः सात वर्षांच्या आत आरंभ केल्यास गुण उत्तम येतो; पुढे यश दुर्मिळ होत जाते. म्हणून ‘तिरळेपणा भाग्याचा’ किंवा ‘मोठेपणी आपोआप जाईल’ असे म्हणून स्वस्थ बसणे हे बालकाचे अहित करणे होय. बाहुलीत पांढरी झाक दिसली, तर एक दिवसही दवडू नये. ती जन्मजात मोतीबिंदूची, क्वचित कर्करोगाचीही खूण असू शकते.

एका डोळ्याने कमी दिसणारे मूल तक्रार करीत नाही. त्याला जग तसेच वाटते. तेव्हा विद्यार्थी मित्रहो, आजच आपल्या धाकट्या भावंडाचा एकेक डोळा तळहाताने आळीपाळीने झाका आणि भिंतीवरील दिनदर्शिकेतील तारीख वाचावयास सांगा. अक्षरओळख नसेल, तर दूरचे चित्र ओळखावयास लावा. एका बाजूने ते अडखळले अथवा हात दूर सारू लागले, तर ती गोष्ट वडीलधाऱ्यांच्या कानी घाला. भिंतीपुढचा हा लहानसा खेळ त्या भावंडाला जन्मभराची दृष्टी देऊ शकेल.