नाव टिकतं, मुलं बदलतात

विषय ऐकून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस पोरांच्या गाण्याच्या बँडवर काय बोलणार? पण प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. गावातलं भजनी मंडळच घ्या. जुने टाळकरी गेले, पखवाजवाले बदलले, तरी आपण म्हणतो ‘तेच मंडळ’. हे ‘तेच’ म्हणजे नेमकं काय?

भिक्षू नागसेनांनी मिलिंद राजाला असाच प्रश्न केला होता. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? राजा नाही म्हणत गेला. शेवटी निघालं ते हे, की या सगळ्यांच्या जुळणीला आपण रथ हे नाव देतो.

आता हा रथ जरा लांब नेऊ. कॅरिबियन समुद्रात पोर्तो रिको हे स्पॅनिश बोलणारं बेट आहे. तिथं १९७७ साली एदगार्दो दियाझ या निर्मात्यानं ‘मेनुदो’ हा मुलांचा बँड उभा केला. पहिली पाच मुलं दोनच घरांतली, मेलेंदेझ आणि सायाबेरी. सगळे भाऊ-भाऊ. नियम असा ठरला, की मुलगा सोळाच्या आसपास आला, आवाज फुटला, की त्यानं बाहेर पडायचं आणि त्याच्या जागी लहान मुलगा यायचा. पुढे जगभर गाजलेला रिकी मार्टिन १९८४ साली असाच आत आला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता.

हिशेब चोख आहे. चाक झिजलं, चाक बदला. फक्त एक फरक राहतो बरं का! चाकाला आपण काढले गेलो हे कळत नाही. सोळा वर्षांच्या मुलाला कळतं.

आपल्याकडे दुसरी रीतही होती. दीनानाथ मंगेशकर किर्लोस्कर नाटक मंडळीत गात होते. १९१८ साली ते, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे बाहेर पडले आणि त्यांनी ‘बलवंत संगीत मंडळी’ काढली. दीनानाथांचं वय तेव्हा अठराच्या आतच. गडकऱ्यांचं ‘भावबंधन’ याच मंडळीनं रंगभूमीवर आणलं, त्यात दीनानाथ लतिका झाले. इथं गाणारा मुलगा स्वतःच भागीदार होता. वय वाढलं म्हणून त्याला घरी कोण पाठवणार? जोखीमही अर्थात त्याचीच. बोलपट आले, मंडळी कर्जात गेली, तो भार दीनानाथांवरच पडला.

गंमत पाहा, याच घराण्यातला पणतू पुढे बँडमध्ये आला. २००१ साली मुंबईत ‘अ बँड ऑफ बॉइज’ उभा राहिला. त्यात करण ओबेरॉय, सुधांशू पांडे, शेरिन वर्गीस, सिद्धार्थ हळदीपूर आणि आशाताई भोसल्यांचा नातू चिंटू भोसले असे पाच जण होते. ‘ये भी वो भी’ हा त्यांचा अल्बम २००२ साली आला, ‘किस किस को’ हा चित्रपट २००४ साली. बँडचा जोर थोडीच वर्षं टिकला. पण ही पाच जाणती माणसं होती, अर्ध्या वयातली मुलं नव्हेत. कुणी अभिनयात गेला, कुणी संगीतकार झाला. नाव मागं पडलं, माणसं मागं पडली नाहीत.

मग ‘तेच’ कशात असतं? माझ्या मते, फक्त नावात नाही आणि फक्त माणसांतही नाही. ते माणसांनी एकमेकांशी केलेल्या करारात असतं. मेनुदोचा करार मुलाच्या आवाजाशी होता, मुलाशी नव्हता. बलवंतचा करार तीन माणसांचा आपसांतला होता.

रोहिणखेडातली पोरं उद्या एखादं कलापथक काढतील, जरूर काढावं. नाव काय ठेवायचं यावर रात्रभर वाद होईल, होऊ द्या. पण त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट ठरवा. ज्याचा आवाज बसेल, जो शिक्षणाला किंवा कामाला बाहेर जाईल, त्याचं आपल्यात काय राहील? एवढं ठरवलं तर पथक मोडलं तरी माणसं मोडणार नाहीत.